धोंड्याच्या वाणाला बोटीचा रेडिओ

अधिक महिना आला की आमच्याकडे लेक-जावयाला धोंडे खायला बोलावतात. त्या महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी. पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तांब्याचा दिवा, तेहतीस अनारसे, कपडे असं वाण द्यायचं आणि ते वयानं लहान असले तरी त्यांच्या पाया पडायचं. वाणात काय पाहिजे हे जावयाला कुणी विचारत नाही. देव कुठं सांगतो, मला अमुक आणा म्हणून? पण नको तिथं मोठेपणा करायची ह्यांना खोडच आहे. ह्यांनी फोन लावून विचारलं, “जावईबापू, लग्नात तुमी काही घेतलं न्हाई. आता मनातलं सांगा.”

जावई भला माणूस. आधी नको-नको म्हणाला, मग म्हणाला, “बाबा, द्यायचंच असेल तर बोटीला रेडिओ द्या. जुना गेला.”

“गाण्याचा?” ह्यांनी विचारलं.

“नाही हो. बोलायचा. अडचणीत मदत मागायचा.”

फोन स्पीकरवर होता. मी दुकानात काउंटरच्या आत एका गिऱ्हाइकाला पंपाच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह दाखवत होते. गिऱ्हाईक राहिलं बाजूला आणि माझ्या हातातला व्हॉल्व्ह हातातच राहिला. रेडिओ गेला हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. कधी गेला? गेला तेव्हा बोट कुठं होती? आणि माझी पोरगी कुठं होती?

आमचं हिंगोलीत मोटर, स्टार्टर आणि पाइपांचं दुकान आहे. हे मोटरींचं वाइंडिंग करतात, मी गल्ला आणि गिऱ्हाईक बघते. एकुलती एक पोरगी हॉटेलचं शिकायला गोव्याला गेली आणि तिथं शिडाच्या बोटी चालवणाऱ्या कोकणातल्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. आता मालवणच्या बाजूला दोघांची एक जुनी शिडाची बोट आहे. लोकांना फिरवतात, शीड कसं धरायचं ते शिकवतात आणि हंगामात किनाऱ्या-किनाऱ्यानं पार कारवारपर्यंत जाऊन येतात. मी समुद्र पाहिलेला नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण, आणि त्यालाही पलीकडचा काठ आहे. ज्या पाण्याला पलीकडचा काठ दिसत नाही, त्याच्यावर माझं लेकरू कापडाच्या जोरावर फिरतं, हे मला लग्नानंतर इतक्या दिवसांनीही नीट गिळता आलेलं नाही.

पावसाळ्यात तिकडं बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात, म्हणून दोघं चांगली सवडीनं आली. मी पहिल्याच जेवणाला विषय काढला. “काळजीचं काही नाही, आई,” असं म्हणत जावयानं जे सांगितलं ते सगळं काळजीचंच होतं. उन्हाळा सरता-सरता परत येताना वारा एकाएकी वाढला. इंजिन कचरा ओढून बंद पडलं. मदत मागायला रेडिओ उचलला, तर दिवा लागतोय, खरखर येतेय, पण ह्या दोघांचा आवाज बाहेर जातच नाही. माइकची वायर आतून खाऱ्या हवेनं खाल्लेली. लांबवर मासे धरणाऱ्या दोन मोठ्या बोटी दिसत होत्या. माझी पोरगी बोटीच्या पुढच्या टोकावर उभी राहून केशरी जॅकेट हलवत राहिली. कुणी पाहिलं नाही. मग वारा फिरला म्हणून, निव्वळ वारा फिरला म्हणून, ते एका खाडीत शिरले.

“मला काहून सांगितलं न्हाई?” मी विचारलं.

“सांगून तू काय केलं असतंस?” पोरगी ताटातून मान वर न करता म्हणाली.

तो वार कुठला होता ते मी आठवून काढलं. त्या दिवशी मी शेजारणींबरोबर नरसीला नामदेवाच्या दर्शनाला गेले होते. दर्शन झाल्यावर रस्त्याकडच्या टपरीवर गरम भजी खाल्ली होती आणि कशावरून तरी आम्ही इतक्या हसलो होतो की टपरीवाला बघत राहिला होता. पोरगी तिकडं जॅकेट हलवतेय आणि आई इकडं भजी खातेय. बाईच्या जातीला पोटात काही तरी कळतं म्हणतात. मला काही कळलं नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. आपल्याला आतून काही कळतं, या भरवशावर मी आजवर झोपत आले होते.

त्या दिवसापासून रेडिओची निवड हे ह्यांचं काम उरलं नाही, माझं झालं.

ह्यांचा यंत्रं घेण्याचा एक नियम आहे: ज्याचा सुटा भाग नांदेडात मिळत नाही ते यंत्र दारात आणायचं नाही. दुकान त्याच नियमावर चाललेलं आहे. ह्यांनी नांदेडच्या एका ओळखीच्या दुकानदाराला विचारून ठेवलं होतं. त्याच्याकडे वॉकीटॉकी होते, मंगल कार्यालयातले लोक वापरतात तसले. “सर्व्हिस घरची हाये,” हे म्हणाले. “बिघडला की इथं पाठवा, दोन दिवसांत नीट करून देतो.”

“पण बाबा, त्याच्यावर मी ओरडलो तर समुद्रात ऐकणार कोण?” जावई म्हणाला. “बोटींची बोलायची वाट वेगळी असते. सगळ्या बोटी, मोठी जहाजं, किनाऱ्यावरचे पहारेवाले, सगळे एका ठरलेल्या चॅनेलवर कान लावून असतात. आपला रेडिओ त्या वाटेवरचाच पाहिजे.”

“म्हंजी आपण बोललेलं सगळेच ऐकतेत?”

“सगळे.”

“घरातलं बोलणंसुदा?” ह्यांना ते काही पटलं नाही. माझ्या कानात मात्र दुसरंच अडकलं होतं. बोलता-बोलता जावई म्हणाला होता की बोटीच्या अशा रेडिओला स्वतःचा नऊ आकडी नंबर असतो, आणि आमच्या बोटीचा नंबर जुनाच नव्या रेडिओत टाकायचा आहे. नंबर आहे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड असतं, त्यालाही नंबर आहे. दुकानातून फोन लावला की आतली बाई सांगते, मोटर चालू आहे, नाही तर वीज गेली आहे. असे स्टार्टर मी अर्ध्या तालुक्याला विकलेत. विहीर फोन उचलते तर बोट काहून उचलणार नाही?

बोटीचा नंबर जावयाच्या मोबाइलमध्ये होता. मी सहज विचारल्यासारखा विचारून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी नसताना लावून पाहिला. रेडिओ मेलेला आहे हे ठाऊक असूनही लावला. म्हटलं, निदान बंद आहे असं तरी सांगेल. क्रमांक तपासा, असं उत्तर आलं. पुढे शून्य लावून पाहिलं. तरी तेच. मग आणखी काही तरी मागे-पुढे लावत असताना पोरगी चहा घेऊन आली आणि तिनं माझ्या हातातला फोन बघितला.

“आई, कुणाला लावून राहिलीस?”

“बोटीला.”

ती आधी हसली. इतकी हसली की चहा बशीत आला. मग मला खाली बसवून तिनं सांगितलं की तो नंबर फक्त दुसऱ्या रेडिओवरूनच लागतो, आणि तोही आसपासच्याच. रेडिओचा आवाज काही कोसांवर संपतो. मालवणहून हिंगोलीला तो कधीच पोचणार नाही, कितीही भारी रेडिओ घेतला तरी.

“म्हंजी मी घेऊन देणार आन मलाच ऐकू येणार न्हाई?”

“न्हाई, आई.”

मग कशाला घ्यायचा, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं, पण तिला दिसलं असणार.

जावयालाही दिसलं. त्यानं संध्याकाळी मोबाइलवर मला दुसरा एक रेडिओ दाखवला. हा रेडिओ बोलायचा तर आहेच, शिवाय बोट कुठं आहे ते स्वतःहून सारखं सांगत राहतो. मोठ्या जहाजांना ती बोट पडद्यावर दिसते. आणि किनाऱ्यावर ते पकडणारं यंत्र कुणी लावलेलं असेल तर ती बोट इंटरनेटवरही दिसते, नकाशावर, ठिपक्यासारखी. जगात कुठूनही.

“हिंगोलीतून?”

“हिंगोलीतून.”

त्याचा कोकणातलाच एक मित्र ग्रीसच्या बाजूला अशाच एका शिडाच्या बोटीवर कामाला होता. जावयानं माझ्या मोबाइलवर त्याची बोट काढून दिली. निळ्या रंगावर छोटासा ठिपका, त्याला टोक, आणि त्याच्या मागे चाललेल्या वाटेची बारीक रेघ. मी डोळे भरून पाहिलं. त्या लेकराला मी कधी भेटले नाही, त्याचं तोंड पाहिलेलं नाही, पण ते सुखरूप आहे हे मला हिंगोलीत बसून दिसत होतं. माझ्या मनानं निकाल देऊन टाकला. हाच घ्यायचा.

पण त्याच्या किमतीत दुसरी एक जोडी येत होती, आणि पोरीचं मन त्या जोडीवर होतं: एक साधा मोठा रेडिओ, बोटीच्या आत बसवायचा, डोलकाठीच्या टोकावर त्याची अँटेना, त्याला झाकणाखाली एक लाल बटण, जे दाबून धरलं की आपला नंबर आणि आपण कुठं आहोत ते आसपासच्या सगळ्यांना आपोआप जातं. आणि त्याच्या जोडीला हातात मावेल असा एक छोटा रेडिओ, पाण्यात पडला तरी तरंगणारा. दोन्हींत ठिपका नाही. आमची ऐपत एका गोष्टीची होती, आणि ह्यांनी एकदा आकडा कबूल केल्यावर त्याच्यावर एक रुपया मागायला जावई तयार नव्हता.

“तुम्ही काय म्हणता?” मी जावयाला विचारलं.

“ठिपक्याचाच घेऊ, आई,” तो म्हणाला. “तुम्हाला बरं वाटेल.”

पोरगी उठून आत गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

पुढचे काही दिवस माझ्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये तो ठिपका. काउंटरवर ठिपका, पुरण वाटताना ठिपका, लाइट गेली की आधी मोबाइलची बॅटरी किती ते बघायचं. गिऱ्हाईक विचारायचं, “काकू, क्रिकेट हाये का?” मी म्हणायची, “व्हय, लई जोरात चाललंय.” ठिपका बेटाला टेकला की मी सुटकेचा श्वास टाकायची. निघाला की गिऱ्हाइकाला थांबवून मी त्याच्याकडेच बघत राहायची. एकदा तो बराच वेळ एका जागी थांबला तर मी शेतात गेलेल्या जावयाला फोन करून बोलावून घेतलं. “आई, नांगर टाकून जेवत असतील,” तो म्हणाला. मी म्हटलं, असू दे, पण सांगून थांबावं माणसानं.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण मोबाइलच्या पडद्यावर ते इतकं बारकाईनं बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग एका दुपारी ठिपका दिसेना. दुकानात गर्दी होती. पावसानं ओढ दिली होती, हळदीला पाणी द्यायला लोकांच्या मोटरी एकदमच निघाल्या होत्या आणि प्रत्येकाला आजच्या आज पाहिजे होतं. मी मोबाइल पाहिला तर नुसता निळा रंग. मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, बंद करून चालू केला. बारीक रेघ एका ठिकाणापर्यंत येत होती आणि तिथं संपत होती. पुढे काही नाही. मी एका माणसाला तीनच्या जागी पाच हॉर्सपॉवरचा स्टार्टर दिला, तो बिचारा परत घेऊन आला.

“बुडाला,” मी घरी येऊन म्हटलं.

“कोण बुडाला?” हे ओरडले.

जावयानं मित्राला मेसेज टाकला. उत्तर नाही. “आई, बऱ्याच कारणांनी जातो ठिपका. किनाऱ्यावर पकडणारं कुणी नसलं तरी जातो.” मी मान हलवली, पण मला घास गेला नाही. ग्रीसच्या समुद्रातल्या, कोकणातल्या कुठल्या तरी बाईच्या पोरासाठी हिंगोलीत मी उपाशी बसले. त्याच्या आईला काही पत्ता असेल का? ती त्या वेळी मजेत टीव्ही बघत असेल. तिचा मला हेवा वाटला, हे खरं सांगते. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती.

सकाळी मेसेज आला. बॅटरी कमी होती म्हणून त्यानं यंत्र बंद करून ठेवलं होतं आणि ते विसरून तो पोहायला गेला होता.

हे हसायला लागले. मला हसू आलं नाही. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. पोरगी धोंड्यांसाठी कणीक मळत होती. मी पुरणाचे गोळे करायला बसले. आमच्या घरात काहीही असलं तरी पुरणावर राग काढत नाहीत, धोंडे फुटतात म्हणतात.

मग तीच बोलली. “आई, बोटीवर शीड उतरवायला पुढं कोण जातं ठाऊक हाये का तुला?”

“कोण?”

“मी. हे मागं सुकाणू धरतेत. वारा वाढला की आधी शीड कमी करावं लागतं. मी टोकाला जाते, डोलकाठीच्या पुढं. बोट हालत असते.”

मी हातातला गोळा परातीत ठेवला.

“तुला ठिपका दिसंल,” ती म्हणाली. “पर ठिपका बोटीचा दिसंल, आई. मी पाण्यात पडले तर माझा ठिपका न्हाई दिसणार. बोट पुढं चाललेली दिसंल तुला. तू म्हणशील, चाललीय चांगली.”

तिनं हे अगदी सहज सांगितलं, कणकेवर तेलाचा हात फिरवता-फिरवता. ती मला घाबरवत नव्हती. तिला एक गोष्ट हवी होती आणि ती का हवी हे ती आईला सांगत होती, बस. मी मात्र ते चित्र पाहिलं. दुकानात बसलेली मी, हातात मोबाइल, निळ्यावर सुखरूप चाललेला ठिपका, आणि माझं समाधान. पुन्हा भजी खाण्यासारखंच झालं असतं ते, फक्त या वेळी मी पैसे मोजून, जावयाच्या वाणातून तसं करून घेतलं असतं.

“आन त्या छोट्या रेडिओनं काय व्हतं?”

“तो माझ्या जॅकेटला बांधलेला ऱ्हातो. पडले तर मी बोलू शकते. ह्यांना सांगू शकते, मी कुण्या अंगाला हाये. हे फिरवून येईपर्यंत दुसऱ्या बोटीला सांगू शकते.”

“पाण्यातून?”

“पाण्यातून.”

“हे तू आधी काहून न्हाई बोललीस?”

“वाण जावयाचं असतंय ना,” ती म्हणाली आणि तिरकी हसली. “आन तू त्या ठिपक्यावर इतकी खूश व्हतीस.”

मी हात धुतले आणि ओल्या हातानंच बाहेर आले. जावई ह्यांच्याबरोबर ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, “जावईबापू, दोनवाली जोडी मागवा.”

“आणि ठिपका?”

“मला नको ठिपका.” हे मी घाईनं म्हटलं, कारण मला माझी खात्री नव्हती. आणखी थोडा वेळ उभी राहिले असते तर निळा रंग पुन्हा डोळ्यापुढं आला असता. आत जाऊन मी मोबाइलमधली ती बोट काढून टाकली. त्या लेकराला मनातल्या मनात म्हटलं, नीट राहा रे बाबा, आता तुझं तू बघ.

पार्सल वाणाच्या आदल्या दिवशी आलं. ह्यांना दोन्ही रेडिओ चालू करून बघायचे होते. चालवून न बघता यंत्र घेणं आमच्या धंद्यात पाप आहे. जावयानं हात जोडले. “बाबा, लावा, खरखर ऐका, पण बोलायचं बटण दाबू नका. परवाना बोटीचा आहे, हिंगोलीचा नाही.” हे बराच वेळ खरखर ऐकत बसले. हिंगोलीच्या आभाळातून एकही बोट बोलली नाही. शेवटी ह्यांना राहवलं नाही, छोटा रेडिओ उचलला आणि अंगणातल्या हौदात टाकला. मी किंचाळले. तो बुडाला, आणि लगेच वर येऊन डोकं वर करून तरंगत राहिला. हे म्हणाले, “माल चांगला हाये.” मग मीही एकदा टाकून पाहिला. मग पुन्हा एकदा, जोरानं, खाली दाबून. तो प्रत्येक वेळी वर आला. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

वाणाच्या दिवशी मोठा रेडिओ जावयाच्या पुढ्यात ठेवला, दिव्याशेजारी, हळदीकुंकू लावून. छोटा मी पोरीच्या ओटीत घातला, तांदूळ-नारळाबरोबर. शेजारची म्हातारी म्हणाली, “अगं, लेकीच्या ओटीत मोबाइल घालायलीस?” मी म्हटलं, “व्हय, सासरी रेंज न्हाई.” सगळ्या हसल्या. मी खाली वाकून लेकीच्या पायाला हात लावला तेव्हा तिचे पाय मला लहान वाटले. या पायांवर ती हलत्या बोटीच्या टोकाला जाते, हे मनात आलं आणि डोळे भरले. लोकांना वाटलं, मायेनं भरले. भीतीनं भरले होते.

पाऊस संपला, गणपती गेले, तिकडं बोट पाण्यात उतरली. एका दुपारी जावयाचा फोन आला. बोट नांगरावर होती, किनाऱ्याजवळच, म्हणून मोबाइलला रेंज होती. तो म्हणाला, “आई, तुमच्या रेडिओची पहिली परीक्षा. ती छोट्या होडीतून वल्हवत टेकाडाच्या पलीकडं गेलीय. तिथून बोलेल, मी इथून उत्तर देईन. तुम्ही ऐका.” त्यानं मोबाइल मोठ्या रेडिओशेजारी ठेवला. मी दुकानातला पंखा बंद केला. ह्यांना गप्प बसायला सांगितलं.

आधी खरखर. मग वरून, बोटीवर फिरायला आलेल्यांपैकी कुणी तरी हाक मारल्यासारखं झालं, नांगराच्या दोराचं काही तरी, आणि जावई धडधडत वर गेल्याचे पाय ऐकू आले. आत कुणी नव्हतं. रेडिओ आणि माझा कान, एवढंच.

आणि माझ्या पोरीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. तिनं बोटीचं नाव दोनदा घेतलं आणि विचारलं, “आवाज येतोय का?”

“येतोय!” मी म्हणाले. “येतोय, बाई!”

खरखर. तिनं पुन्हा विचारलं. “कुणाला आवाज येतोय का?”

मी मोबाइलमध्ये ओरडले. जावयाला हाका मारल्या. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो मी झटकला. मला ठाऊक होतं की ती नांगर टाकलेल्या बोटीपासून थोड्याच अंतरावर, शांत पाण्यात, होडीत बसलेली आहे. ठाऊक असून काही उपयोग नव्हता. ती विचारत होती, मला ऐकू येत होतं, आणि माझा आवाज त्या रेडिओच्या जवळ जाऊन तिथंच पडत होता. ती तिसऱ्यांदा बोटीचं नाव घेऊ लागली.

तेवढ्यात रेडिओत दुसराच आवाज आला. पुरुषाचा, घोगरा, मागे इंजिनाची घरघर. जावयाचा नव्हता.

“येता गो बाय, आवाज येता. बरो येता. काय व्हया तुका?”

“काही नको, काका,” पोरगी म्हणाली. “नवा रेडिओ आहे. फक्त बघत होते, कुणाला ऐकू येतोय का.”

“येता, येता. आमी हंयच आसंव.”

मी खाली स्टुलावर बसले. तो कोण, कुठल्या बोटीवरचा, किती लांब, काही ठाऊक नाही. त्यानं माझ्या लेकीला पाहिलेलं नाही. तिनं हाक मारली आणि तो बोलला, आम्ही इथंच आहोत.

जावई धावत खाली आला, मोबाइल उचलून म्हणाला, “आई, सॉरी, दोर अडकला होता. ऐकू आलं का काही?”

“आलं,” मी म्हणाले. “त्या माणसाला विचारा, जेवलाय का.”